तफीदाची न तडकणारी अंडी

कफ्र तूतमध्ये तफीदाला तोंडावर सगळे तफीदा म्हणत आणि पाठीमागे अंडेवाली. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. तसं पाहिलं तर गावात कोंबड्या कुणाकडे नव्हत्या? घराला धाबं असलं की धाब्यावर कोंबड्या असणारच. पण इतर बायका टोपलीभर अंडी घेऊन निघाल्या की त्यात पाच-सहा तरी पिचलेली असत, आणि तफीदाच्या टोपलीत एकही नसे.

याची परीक्षा घेणारा माणूस म्हणजे जाबल्लाकाका. कालव्यापलीकडे त्याची अंडी उबवायची मातीची भट्टी होती, बापजाद्यांपासून चालत आलेली. आत बुटक्या घुमटांखाली हजारो अंडी मांडलेली असत, आणि ऊब मोजायला त्याच्याकडे यंत्रबिंत्र काही नव्हतं. तो अंडं उचलून मिटलेल्या पापणीवर टेकवी आणि सांगे, या कोपऱ्यातला विस्तव कमी करा. अंडी घेताना मात्र तो कान वापरी. दोन अंडी एकमेकांवर हलकेच वाजवायची. धड असली तर टिण्ण वाजतात, एकाला केसाएवढा जरी तडा असला तरी आवाज बसका येतो. तडकलेलं अंडं भट्टीत नासून फुटतं आणि शेजारची वीस घेऊन जातं, म्हणून तो एकेक वाजवून घेई आणि बायकांची तोंडं एवढीशी होत. तफीदाची टोपली आली की न वाजवताच आत पाठवी.

“वाजवून घ्या काका. मेहेरबानी नको मला,” ती मुद्दाम चारचौघींत म्हणे.

“तुझी अंडी वाजवायची म्हणजे इमामाला कलमा येतो का विचारण्यासारखं आहे, बाई. जा, चहा पी.”

हे वेड तिला लागलं ते तिच्या स्वतःच्या लग्नापासून. आमच्याकडे लग्नाच्या दुसऱ्या सकाळी नवरीची आई मुलीच्या सासरी टोपली घेऊन जाते. त्यात तूप, कबुतरं आणि घरच्या कोंबड्यांची शंभर अंडी. विकतची चालत नाहीत. सासू ती टोपली आळीतल्या बायकांदेखत उघडते आणि एकेक अंडं हातात घेऊन ताटात ठेवते. तफीदाच्या आईच्या टोपलीत तीन तडकलेली निघाली. सासूने तीन बोटं वर केली, तोंडाने काही बोलली नाही. पुढची एकोणीस वर्षं मात्र बोलतच राहिली. भाकरी करपली की, “चालायचंच, तीन अंड्यांची माणसं.” पोटी मुलगी झाली तेव्हाही तेच. तफीदाचा नवरा पाण्याच्या पंपावर विजेचा धक्का बसून गेला, त्या दिवशी दुखवट्याला आलेल्या बायकांनाही म्हातारीने तीन अंड्यांची गोष्ट ऐकवली. आता ती मातीत गेली आहे, देव तिला माफ करो. तफीदाने केलं नाही.

न तडकण्यात जादू काही नव्हती, कटकट होती. खजुरीच्या फोकांपासून केलेली फळांची जुनी खोकी तिने आडवी घालून धाब्याच्या थंड कोपऱ्यात ठेवली होती, गुडघ्याच्याही खाली. उंचावर ठेवली की कोंबड्या रात्री त्यांतच झोपतात आणि घाण करतात. चार कोंबड्यांमागे एक खोकं. खाली गव्हाचा भुसा, वर भाताचा पेंढा वीतभर जाड, मधे मुठीने दाबून केलेला खळगा. पेंढा ओला झाला किंवा बसला की त्याच दिवशी बदलायचा. खोक्याच्या तोंडावर नवऱ्याच्या जुन्या झग्याचा पडदा, कारण अंधारात कोंबडी शांत बसते आणि अंड्याला चोच मारत नाही. एखादीला अंडी फोडून खायची चटक लागलीच तर खळग्यात चुनखडीचं गुळगुळीत अंडं ठेवायचं. दोन दिवस चोच आपटून घेतली की चटक जिरते. कालव्यातले शिंपले भाजून, कुटून, कोंड्यात मिसळून द्यायचे. टरफलंही द्यायची, पण पीठ करून. ओळखू आली तर तीच चटक. आणि अंडी दोनदा उचलायची, ऊन चढल्यावर एकदा आणि दुपारच्या नमाजानंतर एकदा. एका खोक्यात अंडी साठली की कोंबड्याच ती एकमेकींच्या पायाखाली तुडवतात.

मुलगी नवारा, हिला धाब्यावर पाय न वाजवता चालायला पाचव्या वर्षीच यायला लागलं, ते आईच्या चापटीने. धावलं की कोंबडी दचकते, दचकली की उठते, उठताना नख लागतं. अठराव्या वर्षीही ती पोरगी घरात अशी चालायची की मागून आली तर कळायचं नाही. मोठी हसरी होती. अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीचं सोंग काढायची, गाल फुगवून, अंग पसरून, आणि मग एतिदाल शेजारीण हसून हसून भिंतीला टेकायची.

नवाराचं लग्न मसऊदशी ठरलं होतं. तो फरशा बसवायचं काम करी, कमी बोले, आणि आला की चपला नीट जोडून ठेवी. तफीदाला जावई पसंत पडला तो त्या चपलांवरून. वसंताच्या सणानंतरचा गुरुवार धरला होता. भांडी, पांघरुणं, सगळं कोंबड्यांच्या जिवावर एकेक करून झालं होतं. राहिली होती टोपली. तफीदा एतिदालला म्हणे, “शंभर अंडी. त्यांनी कानाला लावून बघावीत, सूर्यासमोर धरून बघावीत. एक तडा काढून दाखवावा.”

“तू मुलीचं लग्न करतेयस का अंड्यांचं?” एतिदाल म्हणे.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी पक्ष्यांचा ताप आला. आधी दुसऱ्याच कुठल्या देशात होता, मग नदीच्या वरच्या अंगाला, मग तालुक्यात. मशिदीच्या कर्ण्यावरून सांगितलं गेलं, धाब्यावर कोंबड्या ठेवायच्या नाहीत, आजारी पक्ष्याला हात लावायचा नाही, सगळे पक्षी सरकारी माणसांच्या हवाली करायचे, लपवतील त्यांना दंड. लोकांनी हुकूम धाब्यावर बसवला आणि कोंबड्या धाब्यावरून खाली आणल्या. कुणी पलंगाखाली घातल्या, कुणी कपाटात. एतिदालने चार बदकं कपडे धुवायच्या यंत्रात घालून वर झाकण ठेवलं आणि झाकणावर कुराण ठेवलं, म्हणजे कुणी उघडणार नाही.

“अगं, खालच्या आळीत आलीत माणसं, पोती घेऊन! पांढऱ्या कपड्यांत, तोंडं बांधून,” ती धापा टाकत सांगायला आली.

“येऊ देत. माझ्या कोंबड्यांना शिंकसुद्धा नाही.”

“ते शिंका मोजत नाहीत गं बाई, कोंबड्या मोजतात!”

तफीदाकडे तीस कोंबड्या होत्या. तिने हिशेबाने एकोणीस धाब्यावर ठेवल्या. एकही नसती तर संशय आला असता. सर्वांत जास्त अंडी देणाऱ्या अकरा तिने आणि नवाराने भाकरीच्या भट्टीच्या खोलीत नेल्या. ती घरातली सर्वांत ऊबदार खोली, हिवाळ्यात भट्टीच्या सपाट माथ्यावर अंथरूण घालून नवारा तिथेच झोपे. दाराला आतून गोणपाट लावलं. पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी एकोणीस कोंबड्या पोत्यांत भरल्या, गावाबाहेर चुना टाकलेल्या खड्ड्याकडे नेल्या. तफीदा खरोखरीच रडली, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

“यम्मा, मसऊदच्या आईला विकतची अंडी दिली तर नाही का चालणार?” त्या संध्याकाळी नवाराने विचारलं. “सगळ्या गावाचंच असं झालंय. कोण काय म्हणणार?”

“सासू म्हणणार. सासूला निमित्त लागत नाही, तरी तू तिला टोपलीभर देणार?”

“मी ऐकून घेईन त्यांची बोलणी. तू एकोणीस वर्षं ऐकलीसच ना.”

“ऐकली म्हणूनच,” तफीदा म्हणाली, आणि विषय संपला.

आठ दिवस सगळं ठीक चाललं. अंडी कोंड्यात पुरून टोपलीत जमत होती. कोंबड्या अंधारात कुरकुरत, नवारा त्यांना झोपताना गोष्टी सांगे. मग एका सकाळी ती खोलीतून बाहेर आली, ओंजळ पुढे करून.

“यम्मा, आज तीन.”

“तीन काय?”

“तडकलेली.”

तो आकडा सासूचा होता. पण तफीदा घाबरणारी बाई नव्हती, तिला कारण ठाऊक होतं. अकरा कोंबड्यांना दोनच खोकी, उजेड नाही, चरायला जागा नाही, एकमेकींच्या अंगावर बसतात. तडकतील नाहीतर काय होईल! तिने तिसरं खोकं केलं. पेंढा वीतभराचा दीड वीत केला. शिंपल्याची पूड दुप्पट केली. अंडी तीनदा उचलायला सांगितली. तिला स्वतःला दाराशी बसून आळीवर नजर ठेवायची होती, त्यामुळे आतलं सगळं नवाराने केलं. जुना पेंढा उपसला, विष्ठा खरवडली, नवा दाबला. बंद खोलीत धुरळा उडे. ती ओढणी नाकाला धरून बाहेर येई आणि शिंकत शिंकत म्हणे, “आता मलाच खुडूक बसव. माझीही टरफलं पातळ झालीत.”

दुसऱ्या दिवशी चार तडकली. तिसऱ्या दिवशी एक असं मिळालं की त्याला टरफलच नव्हतं, नुसती पिशवी. तडकलेली फेकायची कशाला म्हणून मायलेकी ती लोण्यावर परतून खात.

तफीदाने दोन अंडी बाहीत लपवली आणि कालवा ओलांडून गेली. जाबल्लाकाकाची भट्टी हुकमाने विझली होती. दोनशे वर्षांत पहिल्यांदा थंड पडली, असं तो येईल-जाईल त्याला सांगे. तो उंबऱ्यावर बसला होता. त्याने अंडी वाजवली. मग वाजवायचं सोडून अंगठ्याने टरफल दाबून पाहिलं, पापणीवर टेकवलं.

“पेंढा दीड वीत आहे. शिंपले दुप्पट. खोकी तीन. तरी का तडकतात?” तफीदाने विचारलं.

“हे पेंढ्याचं नाही, तफीदा. तडा बाहेरून पडलेला नाही. कवचच पोटातून पातळ येतंय. कोंबडी आजारी पडायची असली की सगळ्यात आधी कवचात दिसतं.”

“माझ्या कोंबड्या?”

“तुझ्या आहेत म्हणून त्यांना ताप तुला विचारून येणार आहे का?”

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीस वर्षांत तिच्या अंड्यांवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं ते याने. “तुमची भट्टी विझली म्हणून दुसऱ्याच्या चुलीवर पाणी ओतू नका, काका.”

म्हातारा दुखावला. त्याने अंडी परत तिच्या हातात दिली. ती वळली तेव्हा मात्र मागून म्हणाला, “कोंबड्यांचं तुझं तू बघ. पोरीला त्या खोलीत झोपवू नकोस. एवढं ऐक माझं.”

ते तिने ऐकलं. म्हणजे कानाने ऐकलं. वाटभर मनात घोळवलं. बाहेरच्या खोलीत थंडी होती, खिडकीला काच नव्हती, पोरीला सर्दी होतीच. उद्या काच बसवून घेऊ आणि मग हलवू, असं तिने ठरवलं. ठरवलं ते वाईट नव्हतं. फक्त उद्याचं ठरवलं.

दुसऱ्या सकाळी सगळ्यात जुनी कोंबडी, जिला नवारा हाजीण म्हणे, कोपऱ्यात मान टाकून बसलेली दिसली. तुरा जांभळा पडला होता. मेलेली कोंबडी हराम. पण मरायच्या आत बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली तर घास हलाल. वेळेवर सुरी फिरवते ती शहाणी बाई, असं आमच्याकडे आया मुलींना शिकवतात. तफीदाने शिकवलेलं होतं. तिने सुरी फिरवली आणि कोंबडी नवाराच्या मांडीवर टाकली. नवाराने गरम पाण्यात बुडवून पिसं काढली, आतडी काढली, रस्सा केला. दुपारपर्यंत दुसरी कोंबडी मेलीच, तिला सुरी लागायच्या आत. तफीदाने पिशवीत बांधून ती कालव्यात सोडली. नऊ उरल्या. टोपलीत त्र्याऐंशी अंडी झाली होती, सगळी वाजवून घेतलेली. त्यानंतर धड अंडं एकही आलं नाही.

हाजीण कापल्यापासून चौथ्या दिवशी नवाराला ताप भरला.

आधी वाटलं सर्दी वाढली. औषधवाल्याने गोळ्या दिल्या. लिंबू, मध, जिऱ्याचं पाणी सगळं झालं. दुसऱ्या दिवशी तिला जिना चढताना दम लागला, आणि ही पोरगी गव्हाचं पोतं घेऊन तोच जिना चढत असे. मसऊदने गाडी आणली. तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, डोळ्यांखाली काळं, तोंडावर पट्टी. त्यांनी छाती तपासली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

“घरात कोंबड्या आहेत का?”

“नाही,” तफीदा म्हणाली. “सगळ्या नेल्या सरकारने.”

“लपवलेल्या? मी पोलीस नाही. मला सांगितलं तर कुणी दंड करणार नाही.”

तफीदाला हे वाक्य पाठ होतं. कर वसूल करायला येतात तेही पहिल्यांदा हेच म्हणतात. दाराशी पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस वही घेऊन उभा होता. तिच्या डोळ्यांपुढे गोणपाट आलं, नऊ कोंबड्या आल्या, त्र्याऐंशी अंडी आली, आणि तीन बोटं वर केलेली सासू आली. ती म्हणाली, “देवाशपथ, एकही नाही.”

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग वाकून नवाराला विचारलं, “तू सांग. तू पक्ष्यांना हात लावलास का? आजारी कोंबडी साफ केलीस का?”

नवाराने आईकडे पाहिलं. तापाने तिचे डोळे लाल झाले होते, पण नजर शुद्धीवरची होती. आईचा चेहरा तिने वाचला, जसा लहानपणापासून वाचत आली होती.

“नाही, डॉक्टर,” ती म्हणाली. “आमच्याकडे कोंबड्या नाहीत.”

त्यांनी साध्या न्यूमोनियाचं औषध सुरू केलं. दवाखान्यात तशी माणसं त्या आठवड्यात चाळीस होती. तफीदा पलंगाशी बसून राहिली आणि मनात नवस बोलत गेली. नवारा बरी झाली तर मेंढा देईन, बरी झाली तर टोपली नेणारच नाही. सगळे नवस बोलली, फक्त खरं बोलली नाही. नवारा एकदा हळूच म्हणाली, “यम्मा, अंडी उचलायची राहिली असतील. तुडवतील.” तफीदाने तिच्या तोंडावर हात ठेवला. प्रेमाने नव्हे, कुणी ऐकेल म्हणून. त्या हाताचं ती पुढे कधीच कुणाला सांगू शकली नाही, एतिदाललाही नाही.

तिसऱ्या सकाळी नवाराचे ओठ निळे पडले. तिच्या नाकाला प्राणवायूची नळी लावली. डॉक्टरीणबाई तफीदाला ओढतच बाहेर घेऊन आल्या.

“मावशी, शेवटचं विचारते. पक्ष्यांचा ताप असेल तर औषध वेगळं आहे. ते लवकर द्यावं लागतं, पहिल्या एक-दोन दिवसांत. मला अंदाजाने देता येत नाही, साठा मोजका आहे.”

तफीदा भिंतीला धरून खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. अकरा कोंबड्या, भट्टीची खोली, पिशवीसारखं अंडं, हाजीणचा जांभळा तुरा, नवाराने काढलेली पिसं. वहीवाला माणूस ऐकत होता. त्याने काहीच लिहिलं नाही. डॉक्टरीणबाई रागावतील असं तिला वाटलं होतं, पण त्या धावत आत गेल्या.

औषध दिलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. नवारा तिथे दोन दिवस होती आणि तिसरा उजाडायच्या आत गेली. लग्नाला सोळा दिवस उरले होते.

तिला आंघोळ घालायलाही आईला आत घेतलं नाही. रोगाचं कारण होतं. मातीही पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी दिली.

त्याच दुपारी पोती घेऊन माणसं घरी आली. गोणपाट तफीदाने स्वतः काढलं. आत पाच कोंबड्या मरून पडल्या होत्या आणि चार उभ्या होत्या. तिने चारी एकेक करून पोत्यात घातल्या, हात लावू नका म्हणून ते ओरडत असताना. मग टोपली आणून दिली. माणसांनी ती गावाबाहेरच्या खड्ड्यावर नेली आणि तफीदा मागून चालत गेली. त्यांनी टोपली पालथी केली. तीस वर्षांत तिची अंडी फुटल्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्र्याऐंशी एकदम फुटली आणि वरून चुना पडला. नवारा गेल्यापासून ती तोवर रडली नव्हती. तिथे तिने तोंडात माती घेतली आणि मग लोकांनी तिला उचलून आणलं.

दंड कुणी केला नाही. डॉक्टरीणबाई खरं बोलत होत्या.

पुढची गोष्ट चार वर्षांनंतरची. धाब्यांवर पुन्हा कोंबड्या आल्या होत्या, कारण पोटाला हुकूम कळत नाही. तफीदाने मात्र पीसही घरात येऊ दिलं नाही. बायका तिच्याकडे अजून येत. जाबल्लाकाकाच्या भट्टीत पुन्हा विस्तव पडला होता आणि तो पुन्हा अंडी वाजवून नाकारत होता. पेंढा किती घालू, शिंपले किती कुटू, असं विचारायला येत आणि ती सांगे, पण रांजणातून पाणी काढून द्यावं तसं, न बघता.

एके दिवशी एतिदालची सून साबरीन आली. विशीतली, नव्यानेच लग्न होऊन आलेली. पदरात चार अंडी.

“मावशी, ही बघा ना. सासूबाई माझ्यावर खेकसतात. म्हणतात, तुझ्या हाताला जोर जास्त. मी तर बोटांनी उचलते.”

तफीदाने दोन अंडी वाजवली. बसका आवाज. मग तिने अंगठ्याने टरफल दाबलं आणि तिचा अंगठा आत गेला.

“कोंबड्या कशा आहेत?”

“बऱ्या आहेत की,” साबरीन म्हणाली.

फार लवकर म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आत. असं उत्तर तफीदाने एकदा ऐकलं होतं, स्वतःच्याच तोंडचं. तिने साबरीनच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलेलं होतं.

“कधीपासून?”

“काल. सर्दी आहे नुसती. मावशी, कुणाला सांगू नका हं, सासूबाईंनी बजावलंय. दोन मेल्या, एक आम्ही वेळेवर कापली.”

“कुणी साफ केली?”

साबरीनने हात पाठीमागे घेतले.

तफीदाने तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. चपला घालायला थांबली नाही. आळीतून ओढत नेली, आणि पोरगी रडत होती आणि एतिदाल मागून ओरडत येत होती, “सोड तिला! वेडी झालीस का? स्वतःची खाल्लीस, आता माझी न्यायला निघालीस?” हे बोलणं आळीने ऐकलं. तफीदानेही ऐकलं. ती चालत राहिली. रस्त्यावर गाडी मिळाली.

दवाखान्यात आता वेगळा डॉक्टर होता, पोरसवदा, घाईत. त्याने नाव विचारायला तोंड उघडायच्या आतच तफीदा म्हणाली,

“घरात कोंबड्या आहेत. आजारी आहेत.” आणि मग दम घेऊन, “हिने साफ केल्यात. कालपासून ताप आहे. ते वेगळं औषध द्या, आत्ता द्या. मी इथून हलणार नाही.”

त्याने दिलं. त्याच संध्याकाळी पोती घेऊन माणसं आळीत आली आणि सगळ्यांची धाबी रिकामी करून गेली. एतिदालच्या बावीस कोंबड्या आणि आठ बदकं गेली. आळीत तफीदाला आता अंडेवाली कुणी म्हणत नाही. सरकारची खबरी म्हणतात, तेही तोंडावर. तिच्या दाराशी कुणी थांबत नाही, एतिदाल तर थुंकून पुढे जाते. कोंबड्यांबद्दल विचारायलाही आता कुणी येत नाही.

साबरीन अकरा दिवसांनी घरी आली, स्वतःच्या पायांनी. पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. तफीदाच्या घरावरून जाताना ती मान खाली घालते, कारण सासूने बोलायला बंदी केली आहे. पण चालण्याची गती कमी करते आणि कडेवरची पोर या बाजूला घेते, दारात बसलेल्या म्हातारीला दिसावी म्हणून. तफीदा बघते. ती पोर निरोगी आहे, देव तिला आयुष्य देवो. एवढ्याने तफीदाला शांती मिळाली असेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने तिला दुपारच्या नमाजानंतर बघावं. ती रोज त्या वेळेला उठते, पाय न वाजवता जिना चढते, रिकाम्या धाब्यावर जाते आणि तिथेच उभी राहून म्हणते, “घरात कोंबड्या आहेत, डॉक्टर. आजारी आहेत.”